लघवीचं घड्याळ: व्हीलचेअरवर नव्याने बसलेल्यांसाठी

मला घरी सोडलं त्या दिवशी डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती, टाके कधी काढायचे ते होतं, आणि लघवीबद्दल एकच ओळ होती: ‘कॅथेटर केअर’. म्हणजे लघवीच्या नळीची काळजी; पण नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरात तोवर लघवी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. ‘जरा जाऊन येते’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आता मला जाऊन येताच येत नव्हतं.

बायपासवरच्या अपघातात माझा पाठीचा दहावा मणका मोडला, त्याला तेरा वर्षं झाली. बेंबीखाली मला काही कळत नाही. पहिली दोन वर्षं मी ओल्या कपड्यांत, रडण्यात आणि घरच्यांवर चिडण्यात घालवली. नंतर जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. नळी, औषध, गोळी यांचा निर्णय तुमच्या युरॉलॉजिस्टचा किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांचा. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे माहीत असलं तर दहा मिनिटांत खूप काम होतं.

आधी गळती ओळखा

काहींना लघवी लागल्याचं कळतं, पण वेळेत पोहोचता येत नाही. पक्षाघात झालेले आजोबा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा नसणं) असलेली मुलगी, संधिवाताने बोटं वळलेली मावशी. इथे अंतर आणि पायजम्याची नाडी आडवी येते. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, नाडीऐवजी इलॅस्टिक किंवा वेल्क्रो लावून घ्या, पुरुषांच्या उशाशी युरिनल पॉट असू द्या. आणि दर दोन-तीन तासांनी, लागली असो वा नसो, बसवाच. बऱ्याच घरांत एवढ्यानेही चादरी कोरड्या राहू लागतात. तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण पक्षाघातात किंवा पाल्सीत मूत्राशयही उतावीळ झालेलं असू शकतं.

दुसऱ्यांची गोष्ट वेगळी. मणक्याला मार, स्पायना बायफिडा (जन्मतःच मणका नीट न जुळणं), मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) यांत मेंदू आणि मूत्राशय यांच्यातली तारच तुटते किंवा कमजोर होते. मार वरच्या भागात असेल तर मूत्राशय बहुधा आपल्या मर्जीने, न विचारता आवळतं. अगदी खाली, कमरेतल्या मज्जातंतूंच्या जुडग्याला मार असेल तर ते ढिलं पडतं, भरत राहतं आणि काठोकाठ भरलं की वरून सांडतं. हा प्रकार फसवा आहे. घरच्यांना वाटतं, लघवी होतेय की! होतेय ती फक्त वरची. आत अर्धा लिटर तसंच बसलेलं असतं.

म्हणून तीन तपासण्या नावानिशी मागा: लघवी झाल्यावर आत किती उरते ते दाखवणारी सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारी तपासणी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर युरोडायनॅमिक्स, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी. दाब वाढलेला राहिला तर लघवी मागे किडनीकडे ढकलली जाते आणि किडनी दुखत नाही, गुपचूप खराब होते. पोट दाबून लघवी काढायची युक्ती वॉर्डात शेजारच्या खाटेवरून शिकायला मिळते. दाब मोजून घेतल्याशिवाय ती करू नका. पुढेही सगळं सुरळीत असलं तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची.

तीन दिवसांची वही

हे काम कंटाळवाणं आहे आणि ह्याच्याशिवाय पुढचं काही जमत नाही. मापाचं एक प्लॅस्टिकचं भांडं वेगळं काढा. सलग तीन दिवस लिहा: किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता किती लघवी निघाली, कधी गळली. डायपर असेल तर कोरडा आणि ओला वजन करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. काटा स्वयंपाकघरातला नको, वेगळा घ्या. माझ्या सासूबाईंनी सुपारीचा काटा दिला होता, तो परत कधी मागितला नाही.

माझ्या वहीत तीन दिवस एकच वेळ निघाली: सकाळचे साडेअकरा. सातला गोळ्यांबरोबर तांब्याभर पाणी, मग चहा, पोह्यांबरोबर पुन्हा चहा. सगळं चार तासांत एकदम उतरायचं. तोवर मी समजत होते की गळती ‘केव्हाही’ होते. केव्हाही होत नव्हती, रोज साडेअकराला होत होती. जाणीव गेली तर तिची जागा घड्याळाला द्यायची, हे मला त्या वहीने शिकवलं. मोबाइलवर मी गजर लावले, ते आजही वाजतात.

पाणी तोडू नका

नवा माणूस पहिली चूक हीच करतो. गळू नये म्हणून पाणी बंद. लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून घोट नाही. घट्ट, पिवळीधमक लघवी मूत्राशयाला डिवचते, जंतूंना साचायला वेळ मिळतो, खडे होतात आणि शौचाला खडा होतो तो वेगळाच. डॉक्टरांनी हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर प्यायचं, पण वाटून: दर तासा-दोन तासाला एक फुलपात्र. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा थोडं जास्त. झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या. चहा-कॉफीने मूत्राशय उतावीळ होतं, हे खरं आहे. मी चहा चारवरून दोनवर आणला. त्याहून खाली येणं माळव्यात जमेल असं वाटत नाही.

आता साधन निवडा

थोडक्यात उरकण्यासारखी साधनं आधी.

डायपर हा आधार आहे, उपाय नाही. चालता येत असेल तर पँटसारखा ओढायचा, पडून बदलायचा असेल तर बाजूला चिकटपट्ट्यांचा. कमरेचं माप घेऊन घ्या. मोठा घेतला की मांडीपाशी फट राहते आणि तिथूनच गळतं. एकावर एक दोन घालू नका, बाहेरच्याचं प्लॅस्टिक आणि आतल्याचं प्लॅस्टिक यांत फक्त घाम साठतो.

पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर बाहेरून चढवायचं, पिशवीला जोडलेलं आवरण. योग्य मापाचा, रोज काढून, धुऊन, कातडी बघून नवा लावायचा. निसटतो म्हणून वरून साधी चिकटपट्टी गोल आवळणारे मी पाहिलेत. जाणीव नसलेल्या जागी रक्तपुरवठा तुटला तर कळणारही नाही. मूत्राशय पुरेसं रिकामं होतंय ना, हे तपासूनच हा वापरायचा. बायकांसाठी ह्याच्या तोडीचं काहीच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

फोली, म्हणजे आत फुगा असलेली कायमची नळी, बहुतेकांना हीच लावून घरी पाठवतात. साधी लॅटेक्सची साधारण महिन्याने बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त टिकते. नळी मांडीला पट्ट्याने बांधा, म्हणजे ओढ बसणार नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली. रिक्षात बसवताना कुणीतरी प्रेमाने ती मांडीवर ठेवतं आणि लघवी उलटी आत जाऊ शकते. स्पायना बायफिडा असलेल्यांना लॅटेक्सची ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते, त्यांनी नळी, हातमोजे सगळं लॅटेक्सविरहित मागायचं.

आता माझं साधन. ह्याला डॉक्टर सीआयसी (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन) म्हणतात. दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. १९७२ मध्ये मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिलं, की ह्यासाठी ऑपरेशन थिएटरची निर्जंतुकता लागत नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतला रक्तपुरवठा मंदावतो आणि जंतू तिथे धरतात, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे वेळेवर रिकामं करणं हीच खरी स्वच्छता. मला हे पटायला वेळ लागला. आमच्याकडे सोवळं कडक, आणि मी नळी पलंगावर बसून घालणार!

पहिल्यांदा नर्सच्या देखरेखीखाली शिका. नंतर रोजचा क्रम असा. हात साबणाने कोपरापर्यंत नाही, पण मनगटापर्यंत नीट धुवायचे. खालची जागा पाण्याने पुढून मागे पुसायची. नळीला जेली लावायची. मोठ्यांना बहुधा १२ किंवा १४ नंबरची नळी लागते. बायकांनी सुरुवातीला आरसा वापरावा. आपला मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर असतो, पण तोंड सापडत नाही. चुकून योनीत गेली तर ती नळी तिथेच राहू द्या, खूण म्हणून, आणि दुसरी घेऊन तिच्या वर शोधा. पुरुषांनी लिंग वर धरून सावकाश घालायची, मार्ग लांब असतो. अडली तर थांबा, खोल श्वास घ्या, खोका, पुन्हा हळूच. जोर कधीही नाही. लघवी सुरू झाली की आणखी एक-दोन सेंटिमीटर आत, धार थांबली की हळूहळू बाहेर, मधे पुन्हा धार आली तर थांबायचं. एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर निघत असेल तर दोन फेऱ्यांमधलं अंतर जास्त होतंय.

नळीच्या पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं. परवडत असेल तर तसंच करा. आपल्याकडे बहुतेकजण धुऊन वापरतात, मीही वापरत आले. डॉक्टरांना विचारून किती दिवस ते ठरवा, वापरल्याबरोबर आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं, म्हणून ह्या कामाची बादली वेगळी भरलेली असते आणि तिला कुणी हात लावत नाही. नळ्या, जेली, अंडरपॅड (खाली अंथरायचे ओल शोषणारे पॅड) घाऊक घ्यायचे तर आर. एन. टी. मार्गावरच्या दवा बाजारात सर्जिकलच्या दुकानांत चौकशी करा, कोपऱ्यावरच्या मेडिकलपेक्षा फरक पडतो.

दोन फेऱ्यांच्या मधेही गळत असेल तर मूत्राशय शांत करणारी औषधं आहेत: ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन, मिराबेग्रॉन. पहिल्या दोघांनी तोंडाला कोरड पडते आणि बद्धकोष्ठ होतो. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात.

कधी धावायचं

थंडी वाजून ताप, पाय नेहमीपेक्षा जास्त आखडणं, अचानक वाढलेली गळती, गढूळ आणि घाण वासाची लघवी: डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू कोणते ते शोधणारी तपासणी, द्या. पण नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत थोडे जंतू बहुधा असतातच. त्रास काही नसताना नुसता रिपोर्ट बघून औषध घेऊ नका. पुढच्या खऱ्या दुखण्यात ते औषध चालेनासं होतं.

आणि हे ठळक करून वाचा. मार छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल, तर भरलेलं मूत्राशय, पिळलेली नळी किंवा अडकलेला शौच यांनी रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, माराच्या वरच्या भागाला घाम फुटतो. लगेच उठून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळीला पीळ आहे का बघा, लघवी काढा. काही मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. ह्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. हे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाच्या ते लगेच ध्यानात येईलच असं नाही.

शौचाची वेळ

लघवीपेक्षा लोक ह्याला जास्त भितात, आणि खरं सांगायचं तर हे जास्त लवकर आटोक्यात येतं. आतडं सवयीचं गुलाम आहे. खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांत मोठं आतडं आपोआप हलतं, आणि मणक्याला मार बसल्यावरही ही हालचाल थोडीबहुत उरते. तिचा फायदा घ्यायचा. माझी वेळ पोहे आणि चहानंतर अर्ध्या तासाने. इंदुरात ही वेळ पाळायला कुणाला शिकवावं लागत नाही.

ठरलेल्या वेळी कमोडच्या खुर्चीवर बसा. बसता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपून, खाली मेणकापड आणि अंडरपॅड. मार वरच्या भागात असेल तर बिसाकोडिलची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी) शौचात न खुपसता आतल्या भिंतीला टेकवून ठेवायची, नाहीतर ती विरघळून वाया जाते. पंधरा मिनिटं ते तासाभरात काम होतं. गरज पडली तर हातमोजा, भरपूर जेली आणि एक बोट आत पंधरा-वीस सेकंद हळूवार गोल फिरवायचं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. नखं कापलेली हवीत. मार अगदी खाली असेल, गुदद्वार ढिलं असेल तर बोटाने काढूनच घ्यावं लागतं, बहुधा रोज. किळस पहिला आठवडाभर वाटते.

इसबगोल पाण्याशिवाय घेऊ नका, आत गोळा होतो. आणि चार दिवस शौच नाही, मग अचानक पातळ गळू लागलं, तर जुलाबाचं औषध देऊ नका. आत कडक गोळा अडलाय आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपतंय, असं पुष्कळदा असतं. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री बारा वाजता खाल्लं तर सकाळचं वेळापत्रक कोलमडतं, हे मी तीनदा सिद्ध केलंय.

कातडी

रोज आरशाने बसण्याची जागा बघा. ओलं झालं की धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. टाल्कम पावडर नको, तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. व्हीलचेअरवर बसायच्या उशीवर रेक्झिन, त्यावर टॉवेल, त्यावर दुपटं असा थर लावला की महागड्या उशीचा उपयोग शून्य. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसणं बंद, दाखवायला जा.

घरच्यांशी बोलणं

अपघातानंतरच्या पहिल्या गौरींना मला पुढच्या खोलीतच बसवलं होतं. कुणी वाईट बोललं नाही, नुसतं देवघराचं दार ओढून घेतलं. मी वर्षभर मनात ठेवलं. पुढच्या वर्षी सासूबाईंना म्हटलं, ‘आई, मी आत्ताच मोकळी झालेय, कोरडी आहे, चार तास काही होणार नाही. वाती मी करते.’ त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, ‘मग आरती साडेबाराच्या आत उरकू.’ तेव्हापासून आमच्याकडे आरती वेळेवर होते. लोकांना किळस कमी आणि धास्ती जास्त असते. वेळ सांगितली की धास्ती उतरते.

मदतीला बाई ठेवाल तर कामाला लावतानाच सगळं स्पष्ट सांगा आणि हातमोजे तुम्ही द्या. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीतल्या सॅनिटरीच्या वेगळ्या डब्यातच टाकायचा. शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलंय म्हणून गाडीवाले भैया डबा चुकला की सगळ्या गल्लीसमोर ओरडतात, आणि ते कुणाला हवंय?

बाहेर पडताना

पहिली सहल छोटी ठेवा, दोन फेऱ्यांच्या मधली. शेजारी, देऊळ, भाजी. मग तीन तासांची. माझी परीक्षा होती ‘सानंद’ ह्या इथल्या मराठी संस्थेचं नाटक. निघताना नळी घालून मोकळी, गडद रंगाचा कुर्ता, बसायला कडेची जागा, आणि पहिल्या मध्यंतरात गर्दी ओसरायची वाट न बघता आधीच दारापाशी. जाण्यापूर्वी कुणालातरी पाठवून दाराची रुंदी मोजून घ्या. ‘आहे ना दिव्यांग टॉयलेट’ ह्या उत्तरावर विसंबू नका, कधी त्यात झाडू आणि बादल्या भरलेल्या असतात. तसं असेल तर गाडीच्या मागच्या सीटवर, अंगावर शाल घेऊन, नळीला पिशवी जोडून काम होतं. रात्रीच्या रेल्वेतही मी चादरीखाली असंच करते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मात्र बिनधास्त जाते, त्या दिवशी राजवाड्यावर सगळेच ओले असतात.

व्हीलचेअरच्या मागे अडकवायच्या पिशवीत माझ्याकडे असतं: तीन नळ्या, जेली, ओले वाइप्स, दोन डायपर, एक अंडरपॅड, सलवार, जोडायची पिशवी, हातमोजे, झाकणाची बाटली, दोन काळ्या पिशव्या, आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत. कार्ड अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो.

घरी परतलं की दमायला होतं, पिशवी कोपऱ्यात जाते आणि पुढच्या वेळी दारात आल्यावर आठवतं की नळ्या संपल्यात. कपडे बदलण्याआधी ती भरून टाका.